वॅट दिसले, पण क्रँकचे नव्हते

सायकलचा सेकंड-हँड पॉवर मीटर, म्हणजे आपण पेडल मारताना किती वॅट लावतोय ते मोजणारं उपकरण, घ्यायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. बिघडलेला मीटर चालू असल्यासारखा दाखवून विकायचा, तोही तुमच्या डोळ्यांसमोर, तुम्हालाच पेडल मारायला लावून, असा एक प्रकार मुंबईत चालू आहे. माझे २२ हजार त्यात गेले. थोडे परत आले, उरलेल्यांसाठी हेलपाटे चालू आहेत.

जून लागला की इथल्या सायकलवाल्यांची पंचाईत होते. पहाटे पाचला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर खड्डा कुठला आणि नुसतं साचलेलं पाणी कुठलं, ते कळत नाही. उघडं मॅनहोल तर विचारूच नका. मग सायकल हॉलमध्ये येते आणि ट्रेनरवर, म्हणजे ती जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चढते. माझ्याकडे जुना मॅग्नेटिक ट्रेनर आहे. मागचं चाक रोलरवर टेकवायचं, नॉब फिरवून लोड वाढवायचा, एवढंच. तो वॅट सांगत नाही. स्मार्ट डायरेक्ट-ड्राइव्ह ट्रेनर, म्हणजे ज्यात मागचं चाक काढून चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर (गिअरच्या दातेरी चकत्यांवर) बसते, तो स्वतःच वॅट मोजतो. पण त्याची किंमत जड आणि वजनही जड, चांगल्यापैकी मॉडेल १८-२० किलोचं. आमच्या घरात तो कायमचा मांडून ठेवायला जागा नाही. शिवाय पाऊस सरल्यावर बाहेरही वॅट दिसायला हवे होते. म्हणून डाव्या क्रँकवरचा (पेडल ज्या दांड्याला बसतं त्याच्यावरचा) पॉवर मीटर घ्यायचं ठरलं.

(ज्यांना फक्त घरातच चालवायचंय त्यांना मी सरळ सांगेन, क्रँकच्या नादाला लागू नका, पैसे साठवून ट्रेनरच चांगला घ्या.)

जाहिरात सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. डावा क्रँक, १७० मिलिमीटर, शिमानोच्या हॉलोटेक टू प्रकारच्या क्रँकसेटला बसणारा, 'फारसा न वापरलेला', भाव नव्याच्या निम्म्याच्या आसपास. 'डेमो माझ्या घरी, माझ्या ट्रेनरवर.' हे शेवटचं वाक्य वाचून मला उलट बरं वाटलं होतं. जो माणूस घरी बोलावून चालवून दाखवतो तो काय फसवणार?

घर कांदिवलीला. भिंतीवर ब्रेव्हेची, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइडची, मेडलं ओळीने टांगलेली, २००, ३००, ४००, ६००. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत संपवावी लागते, आणि ही चारही अंतरं एकाच हंगामात केली की 'सुपर रँडोनर' म्हणवता येतं. असा माणूस आपल्याला आपल्यातलाच वाटतो. त्याच्या आईने चहा आणून दिला. मी बिलाचं विचारलं तर म्हणाला, "सर, आपण सायकलवाले. आपल्यात बिल-बिल कसलं? दुकानदार आहे का मी?"

हॉलच्या कोपऱ्यात डायरेक्ट-ड्राइव्ह ट्रेनरवर त्याची सायकल चढवलेली होती, डाव्या बाजूला विकायचा क्रँक. समोर ट्रायपॉडवर त्याचा फोन, त्यात ट्रेनिंगचं अ‍ॅप आधीच उघडलेलं. त्याने पेअरिंगची स्क्रीन क्षणभर दाखवली. "हे बघा, क्रँकचं नाव आलं. कनेक्टेड." खरंच नाव होतं, हिरवी खूण होती. मी बसलो. हळू मारलं तर दीडशेच्या आसपास वॅट, जोर लावला तर सव्वादोनशे. गिअर बदलला तर आकडा हलला, थांबलो तर शून्य झाला. आणखी काय बघायचं? यूपीआयने पैसे दिले, क्रँक काढून घेतला आणि लोकल पकडली.

घरी क्रँक लावला. दोन पिंच बोल्ट, १२ ते १४ न्यूटन-मीटर, टॉर्क रेंच लावूनच आवळले. माझ्या हेड युनिटला (हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरला) जोडला. कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, ८५, अगदी स्थिर. पॉवर शून्य. मग एकदम १,९०० वॅट. मग परत शून्य. झीरो ऑफसेट (पेडलवर जोर नसताना मीटरचं शून्य ठरवणं) घ्यायला गेलो तर दर वेळी 'कॅलिब्रेशन फेल'.

त्यानंतर त्याचे सल्ले सुरू झाले. बॅटरी बदला. बदलली, नवी सीआर२०३२. मग म्हणाला, "तुम्ही टॉर्क नीट दिला नसेल." मग फर्मवेअर. मग मुंबईची दमट हवा. क्रँक रात्रभर सिलिका जेलच्या डबीत ठेवा. ठेवला. सकाळी डबीतली खडी गुलाबी झाली होती, मीटर होता तसाच. मी पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं, "तुम्ही स्वतः चालवून बघितलंत ना? घरी नेऊन काय केलंत मला काय माहीत." आणि ब्लॉक.

आता त्याने केलं काय ते सांगतो, कारण ते समजलं की पुढच्या वेळी तुम्हाला कुणी असं गुंडाळू शकणार नाही.

क्रँकवरच्या पॉवर मीटरमध्ये दोन वेगवेगळी कामं चालतात. पहिलं म्हणजे जोर मोजणं. क्रँकच्या धातूवर स्ट्रेन गेज नावाची बारीक पट्टी चिकटवलेली असते. पेडल दाबलं की क्रँक डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, पट्टी ताणली जाते, तिचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून टॉर्क निघतो. दुसरं काम म्हणजे क्रँक किती वेगाने फिरतोय ते बघणं. ते वेगळा सेन्सर करतो. टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग म्हणजे वॅट. डाव्या बाजूचा मीटर तर फक्त डाव्या पायाचे वॅट मोजतो आणि दुप्पट करून दाखवतो. तुमचा डावा पाय ४८ टक्के काम करत असेल तर खऱ्या २०० वॅटला तो १९२ म्हणणार. हा दोष नाही, त्या मीटरची मर्यादा आहे.

सायकल आपटली, क्रँक दगडावर घासला, की गेजची चिकटण किंवा आतली जोडणी जाऊ शकते. तरी कॅडन्सचा सेन्सर ठणठणीत राहतो. बॅटरी चालते, ब्लूटूथ चालतं, अ‍ॅपमध्ये नाव येतं. मीटर मेलेला असतो आणि जिवंतही असतो.

आणि अशा ट्रेनिंग अ‍ॅपमध्ये पेअरिंगच्या स्क्रीनवर प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी चौकट असते. पॉवर कुठून घ्यायची, कॅडन्स कुठून, ट्रेनरचा लोड कुणाकडे. त्याने पॉवरच्या चौकटीत स्वतःचा ट्रेनर जोडला होता आणि विकायचा क्रँक कॅडन्सच्या चौकटीत. त्याने बोट ठेवून दाखवलेलं नाव कॅडन्सचं होतं. मी पाहत होतो ते वॅट ट्रेनरने मोजलेले होते, आणि अगदी बरोबर मोजलेले होते. म्हणून तर गिअर बदलल्यावर आकडा हलला. खोटा आकडा त्याने दाखवलाच नाही, खरा आकडा दुसऱ्याच्या नावावर खपवला. बेमालूम काम, मानलं पाहिजे.

मला हे एका मित्राकडे कळलं. त्याच्या डायरेक्ट-ड्राइव्ह ट्रेनरवर क्रँक लावून आम्ही दोन स्क्रीन शेजारी ठेवल्या, एकीवर ट्रेनर, एकीवर फक्त क्रँक. ट्रेनर १८० म्हणतोय आणि क्रँक शून्य. मित्राने पेअरिंगची स्क्रीन उघडली, नाव एका चौकटीतून दुसरीत सरकवलं, आणि मग दोघेही थोडा वेळ गप्पच बसलो.

ग्रुपवर मी क्रँकचा फोटो टाकला, विक्रेत्याचं नाव न घेता. मीटरच्या डबीच्या कडेला एक तिरका ओरखडा होता. तासाभरात एका अनोळखी सदस्याचा मेसेज आला, 'दादा, हा माझा होता.' लोणावळ्याहून उतरताना तो पडला होता, क्रँक डांबरावर घासला होता. दुरुस्ती होत नाही म्हणून त्याने तो 'डेड, फक्त पार्टसाठी' असं लिहून अडीच हजाराला विकला. कुणाला, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. चॅट त्याने जपून ठेवली होती. त्यात खरेदीदाराचं वाक्य होतं, 'कॅडन्स तरी येतो ना? मग चालेल.'

या एका ओळीने सगळं फिरलं. त्याआधी पोलीस ठाण्यात मला ऐकवलं गेलं होतं की तुम्ही बघून, चालवून घेतलंत, आता वाद कसला. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. वापरलेली वस्तू घेतल्यावर बिघडणं हा गुन्हा नाही. पण बिघडलेली आहे हे माहीत असून चालू म्हणून विकणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येणारी. चॅटचे स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती आणि ग्रुपवरची जाहिरात अशा प्रती जोडून अर्ज दिला तेव्हा तो घेतला गेला. विक्रेत्याला फोन गेला. १० हजार आले, बाकीचे 'पुढच्या महिन्यात'. तो पुढचा महिना अजून उजाडलेला नाही.

मध्ये एक उपकथानक घडलं. ग्रुपवर मी वैतागून सगळं लिहिल्यावर कुणीतरी 'सायबर सेलमधून' फोन केला. तुमचा रिफंड मंजूर झालाय, पाठवलेला क्यूआर स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. पिन टाकला की पैसे जातात. हा नंबर मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवला. फसलेल्यांच्या मागावर असे दुसरे लोक टपलेले असतात, तेव्हा ग्रुपवर रडगाणं गाताना स्वतःचा नंबर उघडा ठेवू नका.

आता कुणी सेकंड-हँड मीटर बघायला बोलावलं तर मी काय करतो, ते सांगतो. विक्रेत्याचा फोन बाजूला. माझं हेड युनिट, आणि त्यात फक्त क्रँक जोडलेला, दुसरं काहीही नाही. ट्रेनरची वायर भिंतीतून काढायला सांगतो आणि सायकल सोसायटीच्या आवारात किंवा रस्त्यावर चालवतो. तिथे ट्रेनर असण्याचा प्रश्नच येत नाही. आधी झीरो ऑफसेट, लागोपाठ काही वेळा. आकडा जवळजवळ तोच यायला हवा. मग कॅडन्स एकसारखा ठेवून गिअर जड करतो. पाय तेवढ्याच वेगाने फिरतायत, जोर जास्त लागतोय, तर वॅट वाढलेच पाहिजेत. कॅडन्स वाढवला की वॅट वाढतात एवढ्यावर समाधान मानू नका. नुसत्या कॅडन्सवरून अंदाजे वॅट बनवणारं उपकरणही तेवढं करून दाखवेल.

काही कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये टॉर्क थेट दिसतो. तिथे अजून पक्की परीक्षा घेता येते. मागचा ब्रेक बांधून टाका, डावा क्रँक पुढे आडवा ठेवा आणि पेडलच्या दांड्याला १० किलोचं वजन लटकवा. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर साधारण १६.७ न्यूटन-मीटर यायला हवेत. थोडं इकडेतिकडे चालेल. शून्य किंवा साठ आले तर चहा घेऊन निघा.

ट्रेनरशी तुलना करायचीच असेल तर दोन वेगळ्या स्क्रीन लावा. क्रँक ट्रेनरपेक्षा किंचित जास्त दाखवतो, कारण चेन आणि गिअरमध्ये दोन-तीन टक्के वॅट वाटेत जिरतात. डाव्या बाजूच्या मीटरला पायांच्या फरकाने आणखी थोडं अंतर पडेल. पण दोन्ही आकडे आकड्यागणिक तंतोतंत सारखेच येत असतील, तर ते दोन मीटर नाहीत, एकच आहे. तेव्हा पेअरिंगची स्क्रीन स्वतः उघडा, आणि कुठलं नाव कुठल्या चौकटीत बसलंय ते वाचून काढा.