मुलाला एवढ्यात सांगू नका, असे ते म्हणाले

माझा मुलगा डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरच्या सायकल शर्यतीत भाग घेतो. त्याला या खेळात पुढे नेण्याच्या नावाखाली एका माणसाने 2025 मध्ये सहा महिन्यांच्या आत आमच्याकडून 1,35,500 रुपये घेतले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि माझे पती वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी करतात. आम्ही दोघेही शिकलेले, कागद वाचून सही करणारे लोक आहोत. तरीही आम्ही फसलो. ते कसे घडले हे इतर पालकांना कळावे म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

हा खेळ आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. यात सगळे स्पर्धक एकदम सुटत नाहीत. एकेकाला ठरावीक अंतराने वरून सोडतात आणि खाली पोहोचायला कोणाला किती वेळ लागला यावर निकाल ठरतो. एक फेरी साधारण दोन ते पाच मिनिटांची असते, पण तेवढ्या वेळात दगड, उड्या, मुळे आणि तीव्र वळणे या सगळ्यांतून सायकल न्यावी लागते. आपल्या मराठवाड्यात असे लांब उतार मोजकेच आहेत. माझा मुलगा म्हैसमाळच्या बाजूच्या मुरमाड पायवाटांवर शिकला. मुरूम कोरडा असला की चाक घसरते, आणि बाभळीचे काटे इतके की टायरमध्ये सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारे द्रव) भरल्याशिवाय एक दिवसही निघत नाही. सायकल त्याने दोन वर्षांच्या बक्षिसांच्या आणि आजोबांनी दिलेल्या पैशांतून जुनी घेतलेली आहे. तिची दुरुस्ती तो स्वतः करतो. या खेळातले जे काही कळते ते आमच्या घरात त्यालाच कळते, आणि पुढचे सगळे याच गोष्टीपाशी येऊन थांबते.

डिसेंबर 2024 मध्ये पुण्याकडच्या एका स्थानिक शर्यतीत तो त्याच्या गटात दुसरा आला. बक्षीस समारंभानंतर एक गृहस्थ आमच्याकडे आले. वय चाळिशीच्या आसपास, अंगात खेळाडूंसारखे जॅकेट, बोलणे अतिशय अदबीचे. मला पहिल्या वाक्यापासून ते ताई म्हणाले. आपण राष्ट्रीय पातळीवरचे प्रशिक्षक असून राष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या निवड समितीशी आपला रोजचा संबंध आहे, असे त्यांनी सांगितले. केरळमध्ये पोनमुडी येथे ऑक्टोबर 2023 मध्ये झालेल्या आशियाई माउंटन बाइक स्पर्धेतले स्वतःचे फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवले. ती स्पर्धा खरोखर झाली होती आणि फोटोही तिथलेच असावेत. मात्र मार्गाच्या कडेला कोणीही प्रेक्षक उभा राहू शकतो, हा विचार त्या वेळी माझ्या मनात आला नाही.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. मुलाला शर्यतींत उतरायला लागणारे आंतरराष्ट्रीय लायसन्स काढून देतो, निवड शिबिरात घेतो, आणि पुढच्या हंगामात परदेशातल्या कनिष्ठ गटाच्या शर्यतीला पाठवतो, असे ते म्हणाले. शिवाय या प्रमाणपत्रांमुळे पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचा लाभ मिळेल, असेही त्यांनी सांगितले. मराठवाड्यातल्या कोणत्याही घरात हे वाक्य किती खोल जाते ते मी वेगळे सांगायला नको. आमच्या मागच्या दोन पिढ्यांनी पाऊस आणि नोकरी या दोनच गोष्टींची वाट पाहिली आहे. फोन ठेवण्याआधी ते म्हणाले, “ताई, मुलाला एवढ्यात काही सांगू नका. पैशांचं आणि निवडीचं पोरांच्या डोक्यात गेलं की उतारावर हात थरथरतो. त्याला फक्त सायकल चालवू द्या, बाकीचं आपण मोठी माणसं बघू.”

हे मला अत्यंत समंजसपणाचे वाटले. असा विचार करणारा प्रशिक्षक मिळाला याचा मला आनंद झाला. आज मागे वळून पाहताना दिसते की सगळी फसवणूक याच एका वाक्यावर उभी होती. त्यांची लबाडी पहिल्याच दिवशी ओळखेल असा आमच्या घरात एकच माणूस होता, आणि त्याला बाहेर ठेवण्याचे काम त्यांनी आमच्याकडूनच करून घेतले.

पहिली रक्कम लायसन्ससाठी 18,500 रुपये होती. त्यानंतर शिबिर आणि क्रमवारी नोंदणीचे 42,000 भरले. प्रत्येक वेळी यूपीआयचा क्रमांक वेगळा असायचा आणि खाते कोणा तरी व्यक्तीच्या नावाचे असायचे. मी विचारले तेव्हा संस्थेच्या खात्याचे लेखापरीक्षण चालू असल्याचे कारण मिळाले. पत्रे यायची ती रंगीत बोधचिन्हाची, गोल शिक्क्याची, खाली लपेटेदार सहीची. दोनच जागा उरल्या आहेत, आज संध्याकाळपर्यंत कळवा, असे प्रत्येक पत्रामागून फोनवर सांगितले जायचे. शिबिराची तारीख मात्र दर वेळी पुढे जात राहिली.

एके दिवशी जेवताना मी न राहवून मुलाला विचारले, “ऑलिम्पिकला जायचं ना रे?” त्या गृहस्थांनी आदल्याच दिवशी 2028 च्या ऑलिम्पिकची गोष्ट काढली होती. मुलाने भाकरीचा तुकडा हातातच धरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “आई, डाउनहिल ऑलिम्पिकमध्ये नसतंय. तिथं क्रॉस-कंट्री असतं.” मी त्याला म्हटले की मोठ्या लोकांना तुझ्यापेक्षा जास्त कळते. तो गप्प बसला. त्याचे म्हणणे अगदी खरे होते. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून माउंटन बाइकची क्रॉस-कंट्री, म्हणजे चढउतारांच्या मार्गावर सगळे एकदम सुटतात ती शर्यत तिथे आहे, डाउनहिल कधीच नव्हते. तेवढे एक वाक्य मी नीट ऐकले असते तर पुढचे 75,000 रुपये वाचले असते.

त्यांपैकी 26,000 रुपये ‘रेस किट’चे होते, आणि या किटचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे. खोक्यात एक जर्सी, गुडघ्यांचे पॅड आणि पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट होते. डाउनहिलमध्ये असे फुल-फेस हेल्मेट सक्तीचे आहे. आम्ही ते मुलाला भेट म्हणून दिले, कोणी पाठवले ते सांगितले नाही. त्याने हेल्मेट दोन्ही हातांत घेऊन हनुवटीचा भाग हलकेच आत दाबला. तो प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणासारखा वाकला. मग त्याने आतले अस्तर उचलून खालचा थर पाहिला, पट्ट्याच्या मुळाशी बोट फिरवले आणि काही तरी शोधू लागला. डाउनहिलच्या हेल्मेटसाठी एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे एफ 1952 असे वेगळे मानक आहे आणि ते पाळणाऱ्या हेल्मेटच्या आत तशी चिठ्ठी असते, साध्या सायकल हेल्मेटचे मानक निराळे असते, हे त्याने मला समजावून सांगितले. या हेल्मेटमध्ये कसलीच चिठ्ठी नव्हती, फक्त बाहेरून मोठ्या कंपनीचे नाव चिकटवलेले होते. त्याने ते घालायला नकार दिला. मी त्याच्यावर चिडले. इतक्या महागाची वस्तू आणून दिली तर नखरे करतोस, असे मी त्याला बोलले. त्याने उलट उत्तर दिले नाही, पण आपले जुने, ओरखडे पडलेले हेल्मेट सोडले नाही. माझ्या आग्रहाला बळी पडून त्याने ते नवे घातले असते आणि तो दगडावर आपटला असता, तर आज मी हे लिहायला बसले नसते.

त्यानंतर परदेशी शिबिराची अनामत म्हणून 35,000 गेले. त्यासाठी मी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढले. शेवटी जूनमध्ये उत्तरेकडच्या एका राज्यातल्या शर्यतीत मुलाचे नाव नोंदवल्याचे कळवले गेले, विमा आणि प्रवेशिकेचे म्हणून 14,000 घेतले, आणि कुरियरने लायसन्सचे कार्ड आले. ते कार्ड मी लॅमिनेट करून आणले. आता मुलाला सांगणे भागच होते. त्याने कार्ड हातात घेतले तेव्हा आमची निघण्याची घाई चालली होती. चाके काढून सायकल खोक्यात बांधणे, डिस्क ब्रेकच्या पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालणे, यातच तो गढलेला होता. सचखंड एक्स्प्रेसने आम्ही दिल्लीला आणि तिथून पुढे बसने गेलो.

गाडीत मनमाड सुटल्यावर त्याने कार्ड पुन्हा बाहेर काढले. त्यावरच्या क्रमांकाखाली बोट ठेवून त्याने आकडे मोजले, मग पुन्हा मोजले. “आई, नऊच आहेत. अकरा पाहिजेत.” आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा यूसीआय क्रमांक अकरा अंकी असतो. दुसरे म्हणजे कार्डावर त्याचा गट सोळा वर्षांखालील असा लिहिलेला होता. त्याचा जन्म नोव्हेंबर 2008 चा आहे. या खेळात वय वाढदिवसावर न धरता त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला किती पूर्ण होईल यावर धरतात, त्यामुळे 2025 साली तो सतरा-अठरा वर्षांच्या ज्युनिअर गटात येत होता. खालच्या बर्थवर बसून तो हे सगळे शांतपणे सांगत होता, आणि मी तेव्हाही म्हणाले की छापताना चूक झाली असेल.

नोंदणीच्या टेबलावरच्या तरुणाने कार्ड उलटसुलट करून पाहिले, लॅपटॉपमध्ये नाव शोधले, जन्मतारीख घालून पुन्हा शोधले. असे लायसन्स दिलेलेच नाही आणि यादीत नावही नाही, असे त्याने अतिशय सौम्यपणे सांगितले. मी पत्रे दाखवली. त्याने आपल्या वरिष्ठांना बोलावले, आणि त्यांनी पत्रावरची सही पाहून मान हलवली. मी त्या गृहस्थांना फोन लावला. तो बंद होता, आणि त्यानंतर तो कधीही लागला नाही.

शर्यतीआधी स्पर्धक मार्ग पायी चालून पाहतात. त्या दिवशी दुपारी बाकीची मुले दोरीच्या आतून चालत होती आणि माझा मुलगा दोरीच्या बाहेरून, त्यांच्या बरोबरीने, प्रत्येक दगडापाशी थांबत खालपर्यंत गेला. आमची सायकल खोक्यातून निघालीच नाही. परतीच्या वाटेवर त्याने मला एकच प्रश्न विचारला: “मला का नाही सांगितलं?”

घरी आल्यावर आम्ही आणखी एक चूक केली. चार लोकांत हसू होईल, असे पतींना वाटले, आणि मलाही शाळेत तोंड दाखवायची लाज वाटत होती. या लाजेपायी आम्ही अकरा दिवस घालवले. मग सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर फोन केला आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्याबरोबर हा फोन केला तर ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येते. उशीर झाला की ती एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात निघून जाते. आमच्या बाबतीत शेवटच्या 14,000 पैकी 9,200 रुपये एका बँकेत अडकवता आले. बाकीचे गेले. भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीविषयीच्या कलम 318 खाली गुन्हा दाखल झाला असून तपास चालू आहे. खाती ज्यांच्या नावावर होती ती माणसे वेगळीच निघाली.

प्रमाणपत्रांविषयीही सांगितले पाहिजे, कारण त्यात मुलाचे नुकसान पैशांपेक्षा मोठे झाले असते. त्या गृहस्थांनी आम्हाला शिबिरातील सहभागाचे एक प्रमाणपत्र आधीच पाठवून ठेवले होते. मी ते घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरातल्या विभागीय क्रीडा संकुलात गेले. आरक्षणाचा लाभ घेताना अशा प्रत्येक प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि ते खोटे ठरले तर उमेदवार अडचणीत येतो, हे मला तिथे समजले. म्हणजे उद्या अर्जासोबत जोडला गेला असता असा खोटा कागद माझ्या मुलाच्या नावाने आमच्याच कपाटात होता. तो मी पोलिसांकडे जमा केला.

खरा मार्ग तर अगदी साधा आहे. लायसन्स राष्ट्रीय महासंघ देतो, कोणी प्रशिक्षक देत नाही. अर्ज त्यांच्याकडेच करायचा असतो आणि पैसे महासंघाच्या नावाच्या खात्यात जातात. निवडीविषयी शंका आली तर राज्य संघटनेला आणि महासंघाला स्वतः पत्ता शोधून विचारावे, समोरच्या माणसाने दिलेल्या क्रमांकावर विचारू नये. आम्ही तेच केले होते. त्यांनी दिलेल्या ‘कार्यालयाच्या’ क्रमांकावर फोन करून खात्री करून घेतली होती, आणि आवाज बदलून बोलणारा कोण होता ते आता सांगायला नको. या वर्षीचा अर्ज मुलाने स्वतः भरला. मी शेजारी बसून त्याने वाचून दाखवलेला प्रत्येक रकाना ऐकला आणि मगच पैसे भरले.

गेल्या आठवड्यात जालन्याहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांची मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि ती हीच शर्यत करते. कोणाकडून तरी माझा क्रमांक मिळवून, एका प्रशिक्षकाविषयी विचारायला त्यांनी फोन केला होता. नाव वेगळे होते, पण जॅकेट, ताई-दादा म्हणणे, पोनमुडीचे फोटो आणि दोनच उरलेल्या जागा, सगळे तेच होते. पहिला हप्ता संध्याकाळी जायचा होता. मी त्यांना विचारले, मुलीला हे माहीत आहे का? ते म्हणाले, नाही, सरांनी तिला एवढ्यात सांगू नका म्हणून सांगितले आहे. मी त्यांना फोन तिच्याकडे द्यायला सांगितले. त्यांनी जरा वेळ घेतला, मग हाक मारली. मुलगी फोनवर आली तेव्हा मी तिला कार्डाचा नमुना आला आहे का ते विचारले. आला आहे, वडिलांच्या मोबाइलवर आहे, असे म्हणून तिने तो उघडला, आणि मी काही सांगण्याआधीच ती मोठ्याने आकडे मोजू लागली.