खान्देशच्या उन्हात रेझिन किट: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

१/६ मापाची, भाला धरून उभी असलेली पॉलियुरेथेन रेझिनची (साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकची) आकृती, सुट्या भागांच्या किटमधली. जोडून, रंगवून जळगावात एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावरचं मत असं: शिल्पकाम अव्वल, साचेकाम ठीकठाक, आणि सोबतच्या सूचनापत्रकात आपल्या हवामानाचा विचार शून्य.

सुट्या भागांवर रिलीज एजंट, म्हणजे भाग साच्यातून सुटावा म्हणून लावलेला थर, तेलकट राहिलेला असतो. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि जुना टूथब्रश घेऊन तो घासून काढायचा, नाहीतर प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) पापुद्र्यासारखा सुटतो. बोअरचं पाणी जड असतं, सुकल्यावर पांढरे डाग राहतात. शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्यात करा. साच्याची जोडरेषा आणि गेट (रेझिन ओतल्या जागी उरलेला खुंट) कापल्यावर ४००, ६००, ८०० नंबरचा वॉटर पेपर, तोही ओलाच. रेझिनची धूळ फुफ्फुसाला वाईट, मास्क हवाच. हवेच्या बुडबुड्यांची बारीक भोकं प्रायमरनंतरच नजरेला पडतात, म्हणून आधी पातळ हात मारून बघायचं. मोठ्या फटीला एम-सील चालतं, पण मेमध्ये ते हातातच घट्ट होतं, वाटाण्याएवढंच मळा.

खरी परीक्षा घोट्याची. सगळा भार दोन बारीक घोट्यांवर, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी रेझिन नरम पडतं. नुसतं फेविक्विक इथे टिकत नाही. ते ठिसूळ असतं, हलका धक्का बसला तरी सांधा सुटतो. त्याऐवजी सांध्याच्या आत दोन मिमीची पितळी तार, दोन्ही बाजूंना आठ-दहा मिमी खोल भोक, आणि भोक तारेपेक्षा किंचित मोठं. समोरासमोर जुळवायला एका बाजूला भोकाच्या जागी ओल्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि दुसरा भाग दाबायचा. ठसा उमटेल तिथेच ड्रिल. मग संथ सेट होणारं अरल्डाइट (दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी गोंद) भरून रात्रभर आधार देऊन ठेवायचं. असे केलेले सांधे सगळे शाबूत आहेत. भाला मात्र बाकदार झाला. रंगवण्याआधी वाकला असता तर गरम पाण्यात धरून सरळ करून गार पाण्यात बुडवता आला असता. रंगावर तो उपाय नाही. नव्याने करणाऱ्याने रेझिनचा दांडा फेकून त्या जाडीची पितळी सळई वापरावी, फक्त टोक मूळचं ठेवावं.

रंगाचं वेळापत्रक ऊन ठरवतं. स्प्रे कॅनचा प्रायमर भर दुपारी मारला तर थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. पहाटे मारा. अ‍ॅक्रिलिक दुधाइतपत पातळ, एअरब्रशचं (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाचं) ०.३ मिमी नोझल, दाब १५ ते १८ पीएसआय. तरीही मेमध्ये सुईच्या टोकावर रंग सुकतोच, रंग सुकणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब घाला आणि टोक ओल्या ब्रशने पुसत राहा. कूलर चालू ठेवून एअरब्रश नको. दमट हवा आणि बाहेरची धूळ थेट ओल्या रंगावर येते.

डोळ्यांना घाई चालत नाही. चेहऱ्याचा अ‍ॅक्रिलिक रंग पूर्ण सुकल्यावर चकचकीत क्लिअर कोट, त्यावर डोळे एनॅमलने. बुबुळ तिरकं गेलं तर व्हाइट स्पिरिटमध्ये जेमतेम ओला केलेला ब्रश फिरवून तेवढंच पुसता येतं, खालची त्वचा तशीच राहते. दोन्ही बुबुळं एकाच बैठकीत रंगवा, आणि आरशात बघा. सरळ बघताना न दिसणारा तिरळेपणा आरशात लगेच दिसतो.

रंग कुठेही उडालेला नाही. खिडकीकडच्या बाजूचा, रंग न दिलेला पारदर्शक भाग तेवढा पिवळट झालाय. मॅट कोटचं (रंगावरची चमक घालवणाऱ्या शेवटच्या पारदर्शक हाताचं) दुखणं वेगळं: पावसाळ्यात दमट हवेत मारला की पांढुरकी साय धरतो, काळ्या कपड्यावर तर फारच. त्या दिवसांत फक्त जोडकाम आणि पॉलिश पेपर उरका. मॅट कोट दिवाळीच्या कोरड्या हवेत, सकाळी ऊन चढल्यावर, दोन पातळ हातांत.