फियाटचा क्रँक (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) शेवटी इंदूरातच मिळाला!

बाबांची ८४ ची पद्मिनी, १०८९ सीसी. गरम झाली की आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइलचा लाल दिवा लुकलुक आणि खालून ठक ठक. इंजिन खोललं तर बिग एंडचं (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं) बेअरिंग जागेवरून फिरलेलं, जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) नखाला लागतील असे ओरखडे, आणि क्रँक आधीच ३० थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ) घासलेला, म्हणजे परत ग्राइंडिंगला जागाच नाही. दुसऱ्या शहरातल्या एकाने फोनवर "एकदम नवा माल" म्हणून पाठवला तो पॉलिश मारलेला जुनाच निघाला, पैसे गेले ते गेलेच.

मग सियागंजच्या आतल्या गल्लीतलं हे दुकान सापडलं. बोर्ड दिसतच नाही, विचारत जावं लागतं. काका कमी बोलतात पण त्यांनी क्रँक तारेला टांगून हातोडीने हळूच टिचकी मारली, टण्ण असा लांब आवाज आला, मग म्हणाले "ऐका भाऊ, तडा असता तर भद्द वाजला असता." वर प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरने आडवं उभं दोन्हीकडून मोजून दाखवलं. फक्त १० थाउ घासलेला, बेअरिंग सेटपण त्याच मापाचा दिला. ऑइलची भोकं मात्र घरी जाऊन रॉकेल आणि हवेने नीट साफ करा, आमच्या मिस्त्रीला त्यातून बराच कचरा मिळाला.

तक्रार एकच, परवा या परवा या करत तीन आठवडे लावले आणि बिल कच्चं. चार स्टार. सकाळी जा, पोहे जिलबी खाऊनच, कारण काका अकराच्या आधी शटर उघडत नाहीत.