पिंक फ्लॉइड, वॉटर्स गेल्यानंतर: 1987 की 1994?

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडमधून त्यांचा मुख्य गीतकार रॉजर वॉटर्स 1985 मध्ये बाहेर पडला आणि तेव्हापासून चाहत्यांमध्ये दोन तट आहेत: त्याच्याशिवाय केलेल्या 1987 आणि 1994 च्या अल्बमांपैकी सरस कुठला? ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’ (1987) म्हणजे गिटारवादक गिल्मोरचा एकट्याचाच अल्बम, बँडचं नाव लावलेला, हा आरोप अगदीच खोटा नाही. कीबोर्डवादक रिक राइट तेव्हा अधिकृत सदस्यही नव्हता, बरेचसे ड्रम्स भाडोत्री वादकांचे, वर ऐंशीच्या दशकातला तो चकचकीत आवाज. पण ‘लर्निंग टू फ्लाय’ आणि ‘सॉरो’ची गिटार ऐकली की माझी तक्रार निम्मी विरघळते. 2019 साली या अल्बमचं नवं मिक्स आलं, त्यात राइटचे कीबोर्ड वाढवले, बँडचा ड्रमर मेसनने ड्रम्स नव्याने वाजवले. म्हणजे चूक त्यांनाही पटली होती म्हणायची!

‘द डिव्हिजन बेल’ (1994) मध्ये मात्र गिल्मोर, राइट आणि मेसन तिघं एकत्र वाजवताना ऐकू येतात. राइट बऱ्याच वर्षांनी गातो, ‘मरून्ड’ला ग्रॅमी मिळालं. शब्द वॉटर्सइतके धारदार नाहीत, मधली दोन-तीन गाणी रेंगाळतात. तरी ‘हाय होप्स’मधली ती घंटा वाजली की मी वाद सोडून देतो. माझं मत 1994 ला. मुखपृष्ठाचं विचाराल तर मात्र 1987 च्या अल्बमवरच्या, समुद्रकिनाऱ्यावर मांडलेल्या त्या शेकडो खाटाच भारी.