इंजिन बांधलं की बदललं? दहा टायर गाडीचा ११ महिन्यांचा हिशोब

गाडी टाटा २५१८, दहा टायर, २०१२ चं मॉडेल, बीएस ३, आत कमिन्सचं ६बीटी, ५.९ लिटर. कोल्हापूरहून साखर भरून वाशी नाहीतर न्हावाशेवा, येताना बंदरातलं खत किंवा जे भाडं मिळेल ते. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंजिन गेलं, मार्चमध्ये बांधून (म्हणजे तेच इंजिन खोलून, घासलेले पार्ट बदलून परत जोडून) गाडी परत रोडला लागली, आज ११ महिने आणि ६८ हजार किलोमीटर झालेत. तेव्हा ज्याला त्याला विचारत फिरलो, निम्मे म्हणायचे बांध, निम्मे म्हणायचे बदलून टाक, पण खरा आकडा कुणीच सांगेना. म्हणून सगळे आकडे लिहितोय.

इंजिन एका दिवसात गेलं नाही. वर्षभर ऑइल खात होतं, एका फेरीला तीन-साडेतीन लिटर वरून ओतायला लागायचं, ऑइलचं झाकण उघडलं की बॅक मारायचं म्हणजे आतून धूर-वारा बाहेर यायचा, सकाळी सेल्फ मारला की निळा धूर. हंगाम संपला की बघू, असं म्हणत दोन हंगाम काढले, ती चूक माझीच. मग एका रात्री खत भरून खोपोलीकडून बोरघाट चढताना रेडिएटरचा खालचा होस फुटला. टेंपरेचरचा काटा कित्येक महिने बंद होता. ड्रायव्हर मामांना कूलंटचा वास आला आणि त्यांनी आहे तिथं गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, वर पोचून बघू म्हटलं नाही. तरी हेड गॅस्केट गेलंच, डिपस्टिकला दुधाळ ऑइल. माल दुसऱ्या गाडीत भरून दिला आणि आपली गाडी टोचन करून कोल्हापूरला आणली. मामांनी त्या घाटात जे केलं त्यामुळंच पुढचा सगळा हिशोब जमला, ते कसं ते खाली येतंय.

समोर तीन रस्ते होते. पहिला, कटिंगच्या म्हणजे भंगारात तोडलेल्या गाडीचं इंजिन, १ लाख ३५ हजार, गॅरंटी काय तर "चालू करून दाखवतो". दुसरा, जुनं इंजिन जमा करून रिकंडिशन लाँग ब्लॉक घ्यायचा, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन, हेड सगळं जोडून येतं. कोटेशन ३ लाख १० हजार, चार दिवसात गाडी रोडला. पण डिझेल पंप, टर्बो, क्लच, रेडिएटर त्यात नाही, आणि आपला जुना ब्लॉक तडकलेला निघाला तर जमा करायची किंमत कापणार. तिसरा, आपलंच इंजिन बांधायचं, मिस्त्रींचा अंदाज पावणेदोन लाख आणि दहा दिवस. अख्खं नवीन कोरं इंजिन घेण्याचा विचारच केला नाही, तेरा वर्षांच्या गाडीत तेवढा पैसा घालून तो परत कधी यायचा?

आमचे आबा म्हणाले, आधी खोल, मोजमाप घे, मग ठरव. आबांनी टाटाची जुनी ६९७ इंजिनं वापरलीत (६ सिलिंडर आणि ९७ एमएम बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, म्हणून ६९७), त्यांच्या काळात हाफ इंजिन करून म्हणजे क्रँक न काढता रिंगा-बेअरिंग टाकून गाडी चालवत ठेवायचे. पण पाणी ऑइलमध्ये गेल्यावर हाफमध्ये भागत नाही हे तेच म्हणाले. म्हणून इंजिन उतरवलं, सुटं केलं आणि ब्लॉक, क्रँक, हेड घेऊन उद्यमनगरात मशीन शॉपला गेलो. कोल्हापुरात असण्याचा हा फायदा आहे, फाउंड्री आणि ऑइल इंजिनाच्या धंद्यावर उभं राहिलेलं गाव, बोअर करणारा, क्रँक ग्राइंड करणारा, हेडवाला, पंपवाला सगळे एकमेकाला लागून.

आता ६बीटीची एक गोष्ट बऱ्याच मालकांना माहीत नसते. ह्याच्यात लायनर (पिस्टन ज्यात चालतो ती बदलता येणारी नळी) नाही, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो, स्टँडर्ड १०२ एमएम. लायनरवाल्या इंजिनात लायनर बदलला की बोअर परत स्टँडर्ड होतो. ह्याच्यात बोअर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायला लागतात, आधी अर्धा एमएम म्हणजे २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), मग १ एमएम म्हणजे ४० थाऊ, त्यापुढं स्लीव्ह ठोकायची. त्यामुळं ब्लॉक आधी किती वेळा बोअर झालाय ह्याच्यावर सगळं ठरतं. माझा स्टँडर्ड होता, एकदाही बोअर न झालेला. सहाव्या सिलिंडरला सगळ्यात जास्त घासलेलं, ८ थाऊ, म्हणजे २० मध्ये आरामात साफ होणार. क्रँकची क्रॅक टेस्ट पास, १० थाऊ ग्राइंडमध्ये जर्नल (बेअरिंग बसते ती जागा) साफ. हेड वाकलं होतं पण फेसिंगमध्ये निघालं, पाण्याच्या प्रेशर टेस्टला तडा कुठं नाही. गाडी तशीच वर रेटली असती तर पिस्टन पकडून बोअर फाटला असता आणि हा रस्ता बंद झाला असता. ह्या मोजमापाला २,२०० रुपये लागले आणि दीड दिवस. ते कागद हातात आल्यावर बांधायचं ठरवलं.

बिल एकूण २ लाख १७ हजार ८०० झालं. पिस्टन-रिंग किट सहाचं ३६ हजार, बेअरिंग आणि थ्रस्ट साडेनऊ, गॅस्केट किट साडेआठ, हेडचं सगळं काम गाइड-वॉल्व्ह-सीट धरून साडेचौदा, बोअर-होनिंग ६ हजार, क्रँक साडेपाच. लोक इथपर्यंतच मोजतात आणि म्हणतात लाखात होतंय. खरा खर्च आजूबाजूला आहे. पंप कॅलिब्रेशन आणि सहा नोझल २७ हजार, क्लच प्लेट-प्रेशर प्लेट साडेसतरा, टर्बोची कार्ट्रिज (आतला फिरणारा भाग) १६, रेडिएटरची कोर १४, मिस्त्रींची मजुरी २४. बाकी कॅम, ऑइल पंप, वॉटर पंप, सगळे होस, बेल्ट, माउंटिंग, ऑइल, फिल्टर, कूलंट. रेडिएटर आणि होस तर करायलाच पाहिजेत, ज्यामुळं इंजिन मेलं तेच जुनं ठेवून वर नवीन इंजिन बसवलं, बांधलेलं असो नाहीतर बदललेलं, ते परत मरणार. लाँग ब्लॉक घेतला असता तरी हे सगळं द्यायचंच होतं, म्हणजे तिकडचा आकडा ३ लाख १० वर थांबत नव्हता, ४ लाखाला जाऊन टेकत होता. तुलना करताना हे धरा.

बेअरिंगचा एक प्रकार झाला तो सांगतो. एका दुकानातून मी स्वतः बेअरिंगचा सेट आणला, डबा हुबेहूब ओरिजिनल, मिस्त्रींनी हातात घेतला आणि परत पाठवला. मागच्या बाजूची छपाई पुसट होती आणि शेलची जाडी मायक्रोमीटरला सारखी येत नव्हती. दुकानदारानं कुरकुर करत घेतला. तो तसाच इंजिनात बसला असता तर क्रँकसकट सगळं परत. माल अधिकृत डीलरकडून पक्क्या बिलावरच घ्या. तेव्हा पार्टवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झालाय, म्हणजे आज हेच काम करणाऱ्याला थोडं सुटेल.

दहा दिवसांचे १९ झाले. ऐन हंगामात पाच फेऱ्या गेल्या, सगळं वजा जाता फेरीला साडेसहा हजार सुटतात, म्हणजे ३२ हजार तिथं गेले, आणि मामांचा पगार चालूच. हा बांधण्याचा सगळ्यात मोठा तोटा. आणि मी रोज गॅरेजला उभा होतो म्हणून १९ झाले, नसतो तर महिना गेला असता असं मला मनापासून वाटतं.

सुरवातीचे दोन हजार किलोमीटर अर्धा लोड, वरच्या गिअरला ओढायचं नाही, उभ्या गाडीत तासतास इंजिन चालू ठेवायचं नाही. मग ऑइल-फिल्टर बदलला, टॅपेट (वॉल्व्हची फट) परत लावले, इनटेक १० थाऊ, एक्झॉस्ट २०. त्यानंतर फुल लोड.

आता कसं चाललंय? ऑइलचं खाणं जवळजवळ बंद, दोन सर्व्हिसच्या मध्ये अर्धा लिटर टाकायला लागतं. सकाळी एका सेल्फला चालू. बोरघाट मामा पहिल्यापेक्षा एक गिअर वर ठेवून चढतात, येताना साताऱ्याकडच्या खंडाळ्याच्या बाजूनं खंबाटकी चढतानाही तसंच, आणि काटा मधल्या रेघेच्या वर जात नाही. काट्याबरोबर १,४०० रुपयांचा बझर पण बसवलाय, गरम झालं की केबिनमध्ये बोंबलतो.

तक्रारी पण आहेत. चौथ्या महिन्यात मागचा क्रँक सील गळायला लागला, गिअरबॉक्स उतरवायला लागला, दोन दिवस गेले, मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही. दुसरी तक्रार माझ्याच निर्णयाची. टर्बोत पैसे वाचवायला लोकल कार्ट्रिज टाकली होती, ती आठव्या महिन्यात गेली, शिट्टी मारायला लागली आणि काळा धूर. ओरिजिनल टर्बो घेतला, २९ हजार. म्हणजे १६ हजार पाण्यात आणि एकूण खर्च २ लाख ४६ हजार ८००.

ॲव्हरेज लोडवर लिटरला ३.४ किलोमीटर होतं, आता ३.८ मिळतंय. ऐकायला थोडं वाटतं, पण ६८ हजार किलोमीटरला आधी २० हजार लिटर लागलं असतं, आता १७,९०० च्या आसपास लागलं. २,१०० लिटर वाचलं, लिटरला ९० धरा, १ लाख ८९ हजार. ह्यातलं सगळं बोअर-पिस्टनचं नाही, पंप-नोझलचा वाटा मोठा आहे, तरी पैसे खिशातच राहिलेत.

मग बदलायचं कुणी? ज्याचा ब्लॉक तडकलाय किंवा ४० थाऊला आधीच जाऊन आलाय, त्यानं बांधायच्या नादाला लागू नये. ज्याच्या गाडीवर हप्ता आहे आणि कंपनीचं काँट्रॅक्ट आहे, गाडी उभी राहिली तर दंड बसतो, त्याला चार दिवसात मिळणारा रिकंडिशन ब्लॉकच परवडतो. आणि बीएस ६ वाल्यांनी माझे आकडे लावूच नका, कॉमन रेलचे इंजेक्टर आणि मागची ट्रीटमेंट (धूर साफ करायची यंत्रणा) ह्यांचा खर्च वेगळ्याच लाइनीत जातो.

कटिंगच्या इंजिनाबद्दल मात्र जपून. जयसिंगपूरच्या एका मित्रानं बसवलं, सात महिन्यात परत धूर, वर इंजिन नंबर आरसीवर चढवलेला नव्हता. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते आणि नवीन नंबर आरसीवर यायला पाहिजे, विम्याला पण कळवायला लागतं. नंबर जुळला नाही की फिटनेसला गाडी अडकते. त्या मित्राला आधीच्या मालकाची कागदं गोळा करताना नाकी नऊ आले. माझा ब्लॉक तोच, नंबर तोच, ह्यातलं काहीच करायला लागलं नाही.

आमची दुसरी गाडी २०१६ ची आहे, तीही आता फेरीला लिटरभर ऑइल मागायला लागलीय. ह्या वेळी होस फुटायची वाट बघणार नाही. मार्चअखेर गळीत संपलं की इंजिन उतरवायचं, ब्लॉक-क्रँक उद्यमनगरात मोजून घ्यायचं, मिस्त्रींना एप्रिलचा पहिला आठवडा आत्ताच सांगून ठेवलाय, टर्बो ओरिजिनल.