ज्याचे घर नाही, त्याच्याशी झालेला करार

मुंबईच्या उपनगरांत 'हेवी डिपॉझिट' नावाचा व्यवहार सर्रास चालतो. घरमालकाला काही लाख रुपये एकरकमी द्यायचे, महिन्याचे भाडे नाममात्र ठेवायचे किंवा ठेवायचेच नाही, आणि मुदत संपली की ती रक्कम बिनव्याजी परत घ्यायची. सरकारला हा प्रकार अपरिचित नाही; महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात लिव्ह अँड लायसन्सचे (ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याचा परवाना देणाऱ्या कराराचे) शुल्क काढताना परत करावयाच्या डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्के व्याज धरले जाते आणि त्यावर 0.25 टक्के शुल्क आकारले जाते. याच व्यवहारात माझ्या थोरल्या बहिणीचे आणि भावोजींचे सहा लाख रुपये गेले. त्या वर्षी मी कायद्याच्या पहिल्या वर्गात भारतीय करार कायदा, 1872 शिकत होतो, त्यामुळे त्यांना घर देणाऱ्या दलालाच्या वकिलाशी झालेला पत्रव्यवहार बहुतांशी माझ्याच हातून गेला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्यातले काही उपयोगी पडेल, म्हणून हे लिहीत आहे.

फ्लॅट कांदिवलीचा. तो आपल्या मामांच्या नावावर आहे, मामा कणकवलीला असतात आणि त्यांचे कुलमुखत्यारपत्र आपल्याकडे आहे, असे दलालाने सांगितले व नोटरीचा शिक्का असलेली एक झेरॉक्सही दाखवली. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात परवानादाता म्हणून त्याने स्वतःचेच नाव घातले. नोंदणीसाठी माणूस घरी आला, अंगठ्यांचे ठसे आणि फोटो घेतले गेले, आणि दस्त रीतसर नोंदला गेला. काही महिन्यांनी खरा मालक दारात येऊन उभा राहिला, तेव्हा तो कणकवलीला नव्हे तर मुलुंडला राहतो आणि कोणाचाही मामा नाही, हे कळले. त्याने हा फ्लॅट दलालालाच दरमहा पंचवीस हजारांवर अकरा महिन्यांसाठी दिला होता आणि दुसऱ्याला देण्यास करारात स्पष्ट मनाई होती. सगळी मुदत भरली असती तरी दलालाला पावणेतीन लाखच मोजावे लागले असते. म्हणजे ताईच्या पैशांतूनच मालकाला भाडे पोचत होते आणि ते वेळेवर पोचत असल्यामुळे त्यालाही शंका येण्याचे कारण नव्हते. भाडे थांबले, तेव्हा तो चौकशीला आला.

दस्ताची नोंदणी झाली म्हणजे घर कोणाचे हे सरकारने तपासले आहे, असा समज आपल्याकडे पक्का रुजला आहे आणि ही फसवणूक त्याच समजावर उभी असते. नोंदणीने एवढेच सिद्ध होते की अमुक व्यक्तीने अमुक दस्तावर सही केली. सही करणाऱ्याला तो हक्क होता की नाही, हे ठरवणे दुय्यम निबंधकाचे, म्हणजे दस्त नोंदणाऱ्या अधिकाऱ्याचे, काम नाही. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या नोंदणी नियमांतला, मालकीचा पुरावा नसेल तर दस्त नाकारण्याची मुभा देणारा नियम मूळ कायद्याच्या चौकटीबाहेरचा म्हणून रद्दही केला. मालकी पाहायची तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) शोधावा लागतो, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि देखभाल बिलावरचे नाव पाहावे लागते, आणि डिपॉझिट त्याच नावाच्या बँक खात्यात भरावे लागते.

आता कायद्याकडे येतो. वैध करारासाठी काय लागते हे सांगणारे करार कायद्याचे कलम 10 आपण सगळे घोकतो : सज्ञान व सक्षम पक्ष, मुक्त संमती, कायदेशीर प्रतिफल (मोबदला), कायदेशीर उद्देश. ताई आणि दलाल यांच्यातल्या करारात यांपैकी मुक्त संमती सोडून सर्व काही होते. त्यामुळे तो करार शून्य, म्हणजे मुळातच निरर्थक, नव्हता, तर कलम 19 नुसार ताईच्या मर्जीने शून्यकरणीय, म्हणजे तिने ठरवले तर रद्द होणारा, होता. हा फरक परीक्षेत टीपेपुरता विचारला जातो. येथे मात्र दावा कोणावर लावायचा आणि काय मागायचे, हे त्यावरच ठरले. मालकाशी तर आमचा करारच नव्हता. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 56 प्रमाणे असा परवाना परवानाधारकाला दुसऱ्याकडे हस्तांतरित करता येत नाही, त्यामुळे दलालाकडून ताईला त्या घराचा कोणताही हक्क मिळालेला नव्हता. घर मालकाचे वापरले गेले, तेव्हा डिपॉझिटही त्यानेच फेडावे, असे भावोजींचे म्हणणे होते आणि त्यामागचा संताप समजण्यासारखा होता. परंतु प्रतिनिधीच्या कृत्याने मालकाला बांधणारे करार कायद्याचे कलम 237 लागू होण्यासाठी मालकाने आपल्या शब्दांनी किंवा वागण्याने दलालाला अधिकार असल्याचा समज करून दिलेला असावा लागतो. त्याने तसे काहीच केले नव्हते. कुलमुखत्यारपत्रावरची सहीही त्याची नव्हती. उरले कलम 235 : अधिकार नसताना प्रतिनिधी म्हणून वावरणाऱ्याने, कथित मालकाने त्याचे कृत्य मान्य न केल्यास, नुकसान भरून द्यावे.

दलालाच्या वकिलाने उत्तरात दोन मुद्दे घेतले आणि ते मला फार शिकवून गेले. पहिला कलम 19 च्या अपवादाचा. साधारण दक्षता घेतली असती तर सत्य कळू शकले असते, म्हणून करार रद्द करता येत नाही, असे त्याने लिहिले. कलम घाईने वाचले तर हे बरोबर वाटते. पण तो अपवाद चुकीच्या निवेदनाने किंवा कलम 17 च्या अर्थाने कपटी ठरणाऱ्या मौनाने मिळवलेल्या संमतीपुरता आहे. येथे दलाल गप्प बसला नव्हता, तो बोलला होता. खोटे आहे हे ठाऊक असूनही मामाची गोष्ट सांगणे आणि बनावट कुलमुखत्यारपत्र दाखवणे हे उघड कपट आहे. अशा माणसाला 'तुम्ही तपासायला हवे होते' हा बचाव मिळत नाही.

दुसरा मुद्दा कलम 64 चा, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. करार रद्द करणाऱ्याने त्यातून मिळालेला लाभ शक्य तितका परत केला पाहिजे. ताईचे कुटुंब त्या घरात काही महिने राहिले होते, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. म्हणून वास्तव्याच्या काळाचे दलालाने मालकाला प्रत्यक्ष दिलेले भाडे वजा करून उरलेल्या रकमेवर व्याजासह दावा लावला. सरसकट सहा लाख मागण्यापेक्षा हा दावा टिकाऊ आहे, असे माझे मत आहे.

सर्वांत जास्त त्रास दिला तो करारातल्या आकड्याने. मुद्रांक शुल्क वाचेल असे सांगून दलालाने दस्तात डिपॉझिट एक लाख दाखवले होते. पूर्ण सहा लाखांवर वर्षाचे शुल्क दीडशे रुपये होते. एवढ्यासाठी कोणीही पाच लाख कागदाबाहेर ठेवणार नाही, त्याचा हेतू वेगळाच होता. लेखी दस्तातील अटींविरुद्ध तोंडी पुरावा एरवी चालत नाही. मात्र कपट सिद्ध करण्यासाठी पूर्वीच्या पुरावा कायद्याने ठेवलेला अपवाद भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 मध्येही कायम आहे, आणि चार लाख दलालाच्या खात्यात एनईएफटीने गेल्याची नोंद बँकेकडे आहे. रोख दिलेले उरलेले दोन लाख सिद्ध करणे कठीण जाते आहे.

पोलिसांनी सुरुवातीला हे प्रकरण दिवाणी असल्याचे सांगितले. करारभंग म्हणजे फसवणुकीचा गुन्हा नव्हे, हे खरेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात सांगितल्याप्रमाणे, आश्वासन देतानाच फसवण्याचा हेतू होता का, यावर सगळे अवलंबून असते. म्हणून आम्ही 'पैसे परत दिले नाहीत' अशी तक्रार न करता पहिल्या दिवशीचे खोटे पुढे ठेवले : मालकाने नाकारलेली सही, मालक आणि दलाल यांच्यातला मनाईचा करार, आणि याच फ्लॅटसाठी दहिसरच्या एका कुटुंबाकडून त्याच सुमारास घेतलेल्या टोकनाची पावती. ती पावती दाखवल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 च्या चौथ्या उपकलमाखाली, ज्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, गुन्हा नोंदला गेला.

मुदत संपल्यानंतर ताबा न सोडणाऱ्या परवानाधारकाकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई मागण्याचा हक्क महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 ने मालकाला दिला आहे. त्याने ती मागणी दलालापुरतीच ठेवली आणि ताईला दुसरे घर शोधण्यास वेळ दिला. दिवाणी दाव्यात दलालाच्या विरारच्या फ्लॅटवर निकालपूर्व जप्तीचा अर्ज प्रलंबित आहे. दहिसरच्या कुटुंबाची रक्कम टोकनापुरतीच असल्याने ते दाव्यात उतरले नाहीत, पण फौजदारी खटल्याच्या दोषारोपपत्रात साक्षीदार म्हणून त्यांची नावे आहेत.