सायकलची फ्रेम पोलादाची की टायटॅनियमची?

वजनात टायटॅनियम सरस, यात वाद नाही. घनता साधारण ४.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, पोलादाची ७.८५. पण त्याचा ताठरपणा पोलादाच्या जेमतेम निम्मा, म्हणून नळ्या जास्त व्यासाच्या घ्याव्या लागतात आणि वजनातला फायदा थोडा कमी होतो.

गंजाचं म्हणाल, तर कोकणच्या खाऱ्या हवेत क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाची, नळी आतून गंजते. माझ्या सायकलची सीटपोस्ट (सीटखालची, फ्रेमच्या नळीत बसणारी दांडी) उपसली तेव्हा तळहातावर तांबडा भुगा पडला. टायटॅनियमला रंगाचीही गरज नाही.

तरी मी पोलादच घेईन. तडा गेला तर कसबी वेल्डर सांधून देतो. टायटॅनियमचा सांधा तापलेला असताना आतून-बाहेरून आर्गॉन वायूचं कवच लागतं, नाहीतर जोड ठिसूळ होतो. शिवाय किंमत! टायटॅनियमच्या नुसत्या फ्रेमच्या पैशांत अख्खी पोलादी सायकल येते.